थांबलेली पावलं

"टाच बघा. डाव्या पायाची टाच कुठं टेकलेली दिसते का?"

सरांनी विचारलं आणि चाळीस शिक्षकांच्या माना टेबलावर झुकल्या. टेबलावर प्लास्टरची दाराएवढी लादी होती. तिच्यावर दोघांची पावलं. एक बाई आणि तिच्या बाजूनं चाललेलं पाच-सहा वर्षांचं पोर. वीस हजार वर्षांपूर्वी ओल्या गाळात उमटलेली, गाळाचा दगड झाला म्हणून टिकलेली.

"हे मूल लंगडं होतं," सर म्हणाले. "आणि इथं बघा. बाईची दोन्ही पावलं जोडीनं, खोल रुतलेली. ती थांबली. एकदा नाही, दोनदा. पोटात अन्न नाही, डोक्यावर छप्पर नाही, मागावर लांडगे. तरी थांबली. वर्गात शिकवाल तेव्हा मुलांना सांगा, माणुसकी इथून सुरू झाली."

टाळ्या पडल्या. सरांनी त्या मान खाली घालून घेतल्या. सवयीचं होतं.

मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलीनं मात्र टाळी वाजवली नाही. भाषण तिला तोंडपाठ होतं. तरी त्या 'थांबली'पाशी दर वेळी तिची नजर त्या लहान पावलांवर जायचीच.

लादी तिनं रंगवली होती. साचा बाबांचा, रंग तिचा. शाळांसाठी जीवाश्मांच्या प्रतिकृती करायच्या, हा बापलेकीचा धंदा. शंख, मासे, पानांचे ठसे, कुणाचा तरी जबडा. पण या लादीवर तिचा जीव होता. पहिला हात चहाच्या पाण्याचा, दुसरा राखाडी, मग ओल्या फडक्यानं पुसायचं. पन्नास तरी लाद्या झाल्या असतील. त्या पोराच्या एकेका बोटाच्या खळगीत तिचा कुंचला फिरला होता.

तिचा डावा पायही जन्मापासून आखूड. शाळेत वर्गातल्या मुली पुढं निघून जायच्या आणि कोपऱ्यावरून ओरडायच्या, "ए गोगलगाय, उद्यापर्यंत पोचशील ना?" ती हसून घ्यायची. पुढं ही लादी हातात आली आणि तिला उत्तर सापडलं. माझ्यासारखी एक होती. आणि तिच्यासाठी लोक थांबायचे. ते पोर मुलगीच असणार, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

बाबा बाहेर व्हरांड्यात उभे होते. सरांचं भाषण सुरू झालं की ते उठून जात. 'कान किटले,' म्हणायचे.

आज ती नुसती लादी पोचवायला आली नव्हती. विद्यापीठातल्या सरांच्या विभागाच्या संग्रहात प्रतिकृती सांभाळायला माणूस हवा होता. लेखी परीक्षेत ती पहिली आली होती. उरली होती फक्त सरांशी भेट.

"बाबा, आत गेल्यावर काही बोलू नका हं."

"मी कधी बोलतो?" बाबा म्हणाले.

खोलीत सरांनी दोघांना बसा म्हटलं नाही.

"हे बघ बाळ, तुझी हुशारी कोण नाकारतंय? पण फळ्या उंच. शिडीवर चढउतार. शाळांच्या सहली येणार, कार्टी धावणार. त्यांच्यामागं पळायचं कोणी?"

"शिडी मी रोज चढते, सर. माळ्यावर साचे मीच ठेवते."

"आणि पडलीस म्हणजे? खापर आमच्या माथी. शिवाय बाहेरचे पाहुणे येतात. दिसायलाही... समजून घे."

"काय समजून घेऊ, सर?"

सर बाबांकडे बघून हसले. "मिस्त्री, पोरीची जीभ मात्र चांगली धावते हो!" मग हसू पुसून म्हणाले, "विभाग कुणासाठी थांबू शकत नाही. ती जागा दिली आम्ही. दुसऱ्याला."

तिचे कान तापले. वीस हजार वर्षांपूर्वीच्या लंगड्यासाठी गळा काढायचा आणि समोरच्या लंगडीला दार दाखवायचं!

"बरं मिस्त्री, तुमच्याकडं एक काम आहे." सरांनी कागद पुढं सरकवला. "परदेशातलं मोठं संग्रहालय आपली लादी कायमची मांडतंय. माझं पुस्तकही निघतंय. मूळ खडक धरणाच्या पाण्याखाली गेला. शोधणारे म्हातारे साहेब लादी बघण्याआधीच वारले. मी स्वतः तो खडक पाहिलेला नाही. फोटो चार, तेही लांबून. म्हणजे तुमचा साचा हाच काय तो पुरावा. साचा थेट खडकावरून घेतला, नंतर त्यात काही फेरफार नाही, एवढंच लिहिलंय. इथं सही करा."

बाबांनी पेन उचललं. त्यांच्या नखांत प्लास्टर होतं. पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं.

तिला वाटलं, बाबा आपल्यासाठी अडून बसलेत. हा माणूस कसाही असो, त्या पोरीला सगळ्या जगानं बघितलंच पाहिजे.

"करून टाका, बाबा," ती म्हणाली. "माझा विचार नका करू. तिच्यासाठी करा."

बाबांनी पेन खाली ठेवलं.

"रबराचा साचा खडकावरूनच घेतला, सर. पण टेम्पोतून उतरवताना लहान पावलांची बाजू माझ्या हातून फाटली. पार चिंध्या. दुसरा साचा घ्यायला पळत गेलो, तर खडकावर पाणी चढलेलं. म्हाताऱ्या साहेबांना सांगायची छाती झाली नाही."

"फाटली?" सर अर्धवट उठले. "मग ही पावलं कुठली?"

"खडकावरचं पोर धडधाकट होतं, सर. दोन्ही टाचा टेकलेल्या." बाबा मुलीकडं न बघता म्हणाले. "मी अंगणात ओली माती पसरली आणि हिला तिच्यावरून चालवलं. सहा वर्षांची होती ही."