तळाशी बसलेलं पाणी

बाळांनो, जवळ सरका, एका लेकीच्या रागाची गोष्ट सांगतो. तिची वैमानिकाच्या परवान्याची शेवटची परीक्षा होती. उड्डाणाआधी टाकीतलं थोडं पेट्रोल ग्लासात काढून बघतात, तसं तिने बघितलं. तळाशी पाण्याचे मणी बसले होते. पाण्याने इंजिन आकाशातच बंद पडतं. परीक्षा घेणारे सर म्हणाले, “अगं, ग्लासाला दव लागलं असेल. ओत आणि बस.” “सर, आधी टाकी नीट तपासू.” “आता तू मला शिकवणार? बस, नाहीतर नापास लिहितो.” तिची कानशिलं तापली. “खुशाल लिहा. मागच्या वर्षी माझ्या मैत्रिणीलाही तुम्ही दवच सांगितलंत. ती बसली. तिच्या आईला आम्ही नुसती राख दिली.” टाकी तपासल्याशिवाय कुणी उडू नये म्हणून हातातली विमानाची किल्ली तिने सोडली नाही. सरांनी तिला नापासच केलं. बाळांनो, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या मैत्रिणीला आठवा. तिने मोठ्यांचा मान राखला होता.