शेळीचा धडा

"हं, सांग बघू, अजून काय?" शेख यहदीहनी शेळीला विचारलं.

शेळी तंबूच्या कापडाला टेकून रवंथ करत बसली होती. शेख तिच्यासमोर मांडी ठोकून, साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात शिकवत होते. "अक्ल म्हणजे मुळात उंटाचा पाय दुमडून बांधणं. मन उधळू नये म्हणून त्याला जी बांधून ठेवते, ती अक्कल. खून झाला, की खुन्याचे भाऊबंद मेलेल्याच्या दारात भरपाईचे उंट आणून बांधतात, तेही अक्ल. पोट साफ होत नाही, तेही याच शब्दातलं. हसू नकोस!"

शेळी कशाला हसतेय!

तकबर चहाची किटली धरून बापाकडे बघत राहिली. हसावं की रडावं, तिला कळेना. शेखना अरबी शब्दकोश सगळाच्या सगळा तोंडपाठ होता. लांबलांबून पोरं लाकडी पाट्या घेऊन त्यांच्यापाशी शिकायला येत. सकाळी पोरांना शिकवताना एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे. मग दुपारी पोरं पांगली, की शेळीपुढे हे काय चालायचं? तकबरचं लग्न झालं आणि हे खूळ सुरू झालं. शेवटी घाबरून तिनंच भावाला, देद्दाहीला, निरोप धाडला. तो राजधानी नुआकशोतहून गाडी घेऊन आला, आणि बापाचं अंथरूण आता गाडीत चढलंही होतं.

"डॉक्टरशी बोललोय मी," देद्दाही हळूच म्हणाला. "बाबा यापुढे माझ्याकडेच राहतील. पोरांना सांग, शिकवणं बंद."

"शिकवल्याशिवाय बाबा जगतील का रे, दादा?"

"मग काय, इथे शेळीशी बडबडत बसू देत? बरं, सिदाती कुठाय? बाबांना गाडीत बसवायला जरा हात लावेल."

"शहरात राहून पार विसरलास की! जावई सासऱ्यासमोर येईल का?"

देद्दाही ओशाळला. सासरा दिसला, की जावयानं फेट्यानं तोंड झाकायचं आणि वाट बदलायची. त्याच्यापुढे घास खायचा नाही, शब्द बोलायचा नाही. सिदाती तर शेखचा सगळ्यात लाडका शिष्य होता. तकबरशी लग्न ठरलं आणि त्याचं शिकणं अर्ध्यावरच सुटलं. आपल्यापायी हे झालं, याचं तकबरला फार वाईट वाटे.

"डोंगरातला बोकड शिकाऱ्याला चुकवून उंच कड्यावर जाऊन बसतो," शेख शेळीला सांगत होते. "त्याला मात्र हा शब्द लागत नाही."

"च्च्!"

आवाज कापडापलीकडून आला होता.

"शाब्बास!" शेखनी शेळीच्या पाठीवर थाप मारली. "लागतो, लागतो! फसली नाहीस गं!"

तकबर चमकली. तिनं वाकून पाहिलं. कापडाखालच्या फटीतून एक पाटी दिसत होती आणि तिच्यावर भराभर चालणारा बोरू. बोरू धरणारा हात तिच्या ओळखीचा होता. तिचा जीव भांड्यात पडला. तिच्या शेजारी देद्दाहीही वाकला होता. तो काही बोलणार, तेवढ्यात तिनं त्याचा दंड घट्ट दाबला. इथे नाव उच्चारलं गेलं असतं, तर लाजेपायी त्या दोघांना पुन्हा तिथे बसता आलं नसतं.

देद्दाही गाडीपाशी गेला. अंथरूण काढून आणलं, बापाशेजारी पसरलं आणि स्वतःच त्यावर बसला.

"बाबा, हुशार आहे हो तुमची शेळी. हिला सगळा कोश शिकवणार?"

"शिकवायलाच हवा," शेख म्हणाले. "घरचीच आहे ना ती."