ट्रोम्सोचा प्राजक्त

नॉर्वेतल्या ट्रोम्सोत, ओगल्यांच्या अंगणात गुडघाभर बर्फ होता. त्यात हेमांगी सबनीसांनी लावलेला प्राजक्त दोन महिने फुललेला होता. बर्फात तगणारं हे झाड त्यांनीच घडवलं होतं. पण त्याचं एकही फूल गळलं नव्हतं.

"मॅडम, झाड बदलून द्या," निरंजन ओगले वैतागून म्हणाला. "बाबांना पूजेला एक फूल मिळालेलं नाही, आणि तोडून आणलेलं त्यांना चालत नाही."

"प्राजक्त तोडत नाहीत, वेचतात," खिडकीतून त्याचे वडील दत्तोपंत म्हणाले.

"आणि तो उजाडल्यावर गळतो," हेमांगी हसल्या. "इथे नोव्हेंबरपासून उजाडलंय कुठे? आज उजाडेल. पहिलं ऊन जिथे पडतं, तिथेच झाड लावलंय."

दुपारी बाराला डोंगराआडून सूर्याची कड वर आली. दोन महिन्यांची फुलं एकदम गळू लागली. पांढऱ्या पाकळ्या बर्फात दिसेनाशा झाल्या आणि अंगणभर नुसते केशरी देठ उरले.

दत्तोपंत परडी घेऊन बाहेर आले. ती खाली ठेवून त्यांनी हात जोडले.

"बाबा, सूर्य तिकडे आहे."

"ठाऊक आहे," दत्तोपंत म्हणाले आणि हेमांगीबाईंकडेच बघत राहिले.