डाव्या पंखाचं पीस

फाटक उघडण्याआधी सोआझिगबाईंनी विचारलं, "पिल्लू कुणाला हवंय?"

"मला. प्लूवेनचा गुलवेन. नाव ऐकलं असेलच."

"नाही ऐकलं," बाई म्हणाल्या आणि फाटक अर्धंच उघडलं.

गुलवेनला हे नवीन होतं. प्लूवेनमध्ये त्याला न ओळखणारा माणूस एकतर पाळण्यात असे, नाहीतर नुकताच बदलून आलेला पाद्री असे. उभ्या आयुष्यात गुलवेनचा एक नेम चुकला नव्हता. गावातल्या कॅफेत हे कुणीही शपथेवर सांगितलं असतं. कुणी नाही सांगितलं तर गुलवेन स्वतः सांगे.

पण त्याचा म्हातारा कुत्रा वसंतात गेला होता आणि आता पानं पिवळी पडायला लागली होती. थोड्याच दिवसांत बेकास उतरणार. लांब चोचीचा, वाळक्या पानाच्या रंगाचा तो पक्षी पायाशी बसलेला असला तरी माणसाला दिसत नाही. कुत्र्याशिवायचा बेकासचा शिकारी म्हणजे रानात फिरायला आलेला पेन्शनर. आणि तसं म्हणवून घेण्यापेक्षा गुलवेनने खरोखरच मरण पत्करलं असतं.

कॅफेतल्या दोस्तांनी सल्ले दिले होते. "सेटर घे. काय रुबाब असतो!"

"रुबाबाला मी आहे."

"मग पॉइंटर घे. वाऱ्यासारखा पळतो."

"आणि त्याच्यामागे कोण पळणार, तुझी सासू? आपला ब्रेतोंच बरा. काटेरी झुडपाखालून जातो आणि स्वयंपाकघरात मावतो."

जात ठरली, पण पिल्लू कुणाकडून घ्यायचं ते ठरेना. पहिल्याने पिल्लांची आई दाखवली नाही. दुसरा प्रत्येक प्रश्नाला हो म्हणाला, म्हणून गुलवेनच नाही म्हणाला. राहिल्या डोंगरापलीकडच्या सोआझिगबाई. त्या पिल्लं देण्यापेक्षा माणसं परत पाठवण्याबद्दल प्रसिद्ध होत्या. इथे नकार मिळाला की मोसम संपला.

"बंदूक आणलीत?" बाईंनी विचारलं. फोनवर तसं बजावलं होतं त्यांनी.

गुलवेनने खांद्यावरच्या चामडी पेटीवर थाप मारली. मागून त्याची बायको अनाईग जेवणाची टोपली मांडीला टेकवत येत होती. प्लूवेन गावाने हे दृश्य वर्षानुवर्षं पाहिलं होतं: पेटी त्याच्या खांद्यावर, टोपली तिच्या हातात.

"कुत्रा झोपणार कुठे?"

"चुलीपाशी."

"पलंगावर," अनाईग म्हणाली. "चुलीपाशी हे झोपतात."

"पहिल्या मोसमात पिल्लू सगळे पक्षी उडवून लावेल. तेव्हा काय कराल?"

"काही नाही. उभा राहीन."

"बार नाही काढणार?"

"पिल्लू दगडासारखं थिजून पक्षी दाखवत नाही, तोवर नाही. मोसम कोरडा गेला तरी बेहत्तर."

बाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "पुरुषांना एवढा दम निघत नाही सहसा."

"बाई, माझ्या बंदुकीने आजवर कधी घाई केलेली नाही."

अनाईगला खोकला आला.

फाटक पूर्ण उघडलं. पिल्लांची आई सिबुल धावत आली. तिने टोपलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट पेटीला नाक लावलं आणि आखूड शेपटीसकट सगळं बूड हलवायला लागली.

"बंदुकीच्या दारूचा वास!" गुलवेन खूश झाला. "शिकाऱ्याची जात हो!"

"नाक पक्कं आहे तिचं," बाई म्हणाल्या आणि त्याची टोपी मागितली.

टोपीच्या पट्ट्यात टोकदार पिसांची दाट रांग होती. बेकासच्या प्रत्येक पंखात असं एकच पीस असतं. त्या डोंगरातला नियम जुना आहे: उजव्या पंखाचं पीस ज्याने पक्षी पाडला त्याचं, डाव्याचं ज्याच्या कुत्र्याने शोधला त्याचं. बाईंनी टोपी उजेडात फिरवली.

"सगळी डावी."

"उजवी घरी आहेत. कुत्र्याचा मान डोक्यावर मिरवावा, नेमबाजाचा कपाटात ठेवावा."

"कपाट कुणाचं?"

"माझं," अनाईग म्हणाली. "त्यांच्या कपाटात नुसते मोजे."

एव्हाना नारिंगी ठिपक्याचं एक पिल्लू गुलवेनच्या बुटाची नाडी चावत होतं. तो खाली बसला. पिल्लाने नाडी सोडून त्याचं बोट धरलं. मग दोघांनीही एकमेकांना सोडलं नाही.

"हेच," गुलवेन म्हणाला.

"मग शेवटचं एक," बाई म्हणाल्या. "त्या बांधापाशी जाऊन हवेत एक बार काढायचा. पिल्लू आवाजाला भ्यालं, तर ते इथेच राहील. भित्रा कुत्रा मी कुणाच्या गळ्यात बांधत नाही."

गुलवेन उठला. "बाई, खरा शिकारी हवेत काडतूस वाया घालवत नाही."

"खरं आहे. मग मीही पिल्लू वाया घालवत नाही." बाईंनी पिल्लाकडे हात केले.

गुलवेनने पिल्लू छातीशी धरलं. बांधाकडे पाहिलं, पिल्लाकडे पाहिलं, आजूबाजूला प्लूवेनचं कुणी नाही हेही पाहून घेतलं.

"अनाईग," तो म्हणाला, "भूक लागली का गं?"

"मला कधीचीच. मी तुमच्या हो म्हणण्याची वाट बघतेय."

तिने टोपलीवरचा रुमाल बाजूला केला, आतून बंदुकीचा दस्ता काढला, दुनळी काढली, खट्कन जोडली आणि बांधाकडे चालू लागली. गुलवेनने पेटीची कडी उघडून आतला पाव, लोणी आणि सॉसेज दगडावर मांडलं, पिल्लू मांडीवर घेतलं, छाती पुढे काढून बाईंना म्हणाला, "बघा आता, एक नेम चुकलेला नाही उभ्या आयुष्यात!" आणि दोन्ही कानांत बोटं घातली.