आपल्या वाट्याचं ऊन

पप्पा चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपला होते. निवृत्तीनंतर त्यांनी काळेवाडीतल्या आमच्या गच्चीला पांढरा रंग द्यायला घेतला. सगळ्या शहराने असं केलं, तर तेवढं ऊन परत आभाळात जाईल, असं ते म्हणायचे.

"एका गच्चीनं पृथ्वी गार व्हनार व्हय?" शेजारचे किसनकाका हसायचे.

"आपल्या वाट्याचं ऊन तरी परत पाठवू, राव!"

रंगावर पाऊल उमटू नये म्हणून ते जिन्याच्या दाराकडे उलटे सरकत रंगवायचे. अर्धी गच्ची झाली आणि मे महिन्यातल्या एका दुपारी ते तिथेच कोसळले. उष्माघाताने गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दुसऱ्या दिवशी रंग एक पट्टा पुढे आलेला दिसला. ओला होता. मग रोज दुपारी एकेक पट्टा वाढत गेला. रोलर मी स्वतः माळ्यावर ठेवला होता. तो कोरडाच होता.

आज दारापाशी हातभर कोबा रंगवायचा उरला होता. किसनकाका कुलूप घेऊन वर आले.

"पोरी, दार लाव. हे बरं न्हाई."

"काका, माझ्या बापाचं काम आहे. पुरं होणार."

"आन् पुरं झाल्यावर त्यो कुटं जाईल?"

मी कुलूप त्यांच्या हातात परत दिलं आणि दार सताड उघडलं. काका जिना उतरून गेले. शेवटचा पट्टा माझ्या डोळ्यांदेखत पांढरा होत गेला. रोलरचा चिकट आवाज उंबऱ्याशी येऊन थांबला.

मी जिन्यातल्या भिंतीला टेकून वाट करून दिली.

"पप्पा, सांभाळून," मी म्हणाले, "मागे पायरी आहे."