जुळत नाही

सही जुळत होती. तिथेच तर गोम होती.

सह्या तपासणाऱ्या साहेबांनी भिंग बाजूला ठेवलं आणि अर्ज पुन्हा जवळ ओढला. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदलून मिळावा, एवढीच मागणी. पण हल्ली सगळे भामटे याच दाराने आत शिरत होते. आधी नंबर बदलायचा, मग त्या नंबरवर येणाऱ्या ओटीपीच्या जोरावर खातं धुऊन न्यायचं. खातेदाराला पत्ता लागेपर्यंत सगळा कारभार आटोपलेला असायचा.

बँकेकडची नमुना सही सतरा वर्षांपूर्वीची. तरी पहिल्या अक्षराचा वळसा तोच, शेवटची रेघ तेवढीच लांब, खालची दोन टिंबंसुद्धा जागच्या जागी. सतरा वर्षांत माणसाचे केस पिकतात, दात पडतात आणि सही मात्र तशीच्या तशी? साहेबांना हे पटेना. खरी सही वयाबरोबर सैल पडते, घाई करते, अक्षरं गिळते. हुबेहूब असते ती चोराची.

साहेबांचं टेबल आतल्या खोलीत होतं. कागद खिडकीतून आत यायचे आणि शेरा घेऊन बाहेर जायचे. शेरा मारला की साहेब कागद विसरून जायचे, कारण पुढचा आलेला असायचा. माणसांची तोंडं बघायची वेळ त्यांच्यावर सहसा येत नसे आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. बाहेरचे लोक पाठीमागे त्यांना 'जुळतनाही' म्हणत. त्यांच्या कानावर ते आलं होतं.

नाव पडण्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी अशीच एक हुबेहूब सही त्यांनी 'ठीक' म्हणून सोडली आणि एका सुताराची जन्मभराची कमाई गेली. सुतार भांडला नाही. समोर बसून एवढंच म्हणाला, "साहेब, तुम्ही नीट बघितलं होतंत ना?" तेव्हापासून साहेब कोणाला सोडत नव्हते. मुलाच्या प्रगतिपुस्तकावरची बायकोची सहीसुद्धा ते दोनदा बघत.

आज ते उठून बाहेर आले. गार्डला त्यांनी डोळ्यांनीच बोलावून घेतलं.

"साहेब, त्या बाई आधी..." काउंटरवरची मुलगी सांगू लागली.

"नंतर."

बाकावर एक सत्तरीच्या बाई बसल्या होत्या. डाव्या हाताने त्यांनी उजव्या हाताचं मनगट घट्ट धरलं होतं. साहेबांनी ते टिपलं. हात थरथरतो तो घाबरलेल्या माणसाचा.

"ही सही तुम्हीच केलीत?"

"मीच."

"मग माझ्यासमोर एकदा करा."

बाईंनी पेन घेतलं. मनगट बाकापुढच्या टेबलाच्या कडेला टेकवलं. ओठ दाबून, एकेक वळण बघत त्या सही करू लागल्या. खरं म्हणजे त्या सही करत नव्हत्या, सही काढत होत्या. रांगोळी काढावी तशी. एवढ्या वेळात साहेबांनी वीस शेरे मारले असते. सही झाली आणि पुन्हा अगदी तंतोतंत आली.

"पिशवी दाखवा जरा," साहेब म्हणाले.

पिशवीत चष्म्याचं घर होतं, गोळ्यांची पाकिटं होती, पासबुक होतं आणि एक दुरेघी वही होती. साहेबांनी वही उघडली. पानापानावर तीच सही. सुरुवातीला वेडीवाकडी, रेघांबाहेर सांडलेली. मग हळूहळू सरळ होत गेलेली. शेवटच्या पानावर नमुन्यासारखी. सरावाची वही घेऊन बँकेत येणारा चोर साहेबांनी पहिल्यांदाच बघितला. खोटं कशाला बोला, त्यांना आनंद झाला. सुताराचं ते वाक्य दोन वर्षांत पहिल्यांदा टोचेनासं झालं.

"पोलिसांना फोन लावा," ते गार्डला म्हणाले.

"लावा हो," बाई म्हणाल्या. "माझा मोबाइल चोरीला जाऊन बावीस दिवस झाले. नंबर ह्यांच्या नावावर होता. ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली आणि फोनवाले म्हणतात, नंबर बंद करायला त्यांनाच घेऊन या. म्हणून दुसऱ्या दिवशीच इथे आले."

साहेबांचा वहीवरचा हात थांबला.

"मला झटका येऊन गेलाय. हात ऐकत नाही. दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा परत आला. ही मुलगी म्हणाली, सरळ अंगठा लावा आजी." बाईंचा आवाज चढला नाही. "चौतीस वर्षं मी पहिलीच्या मुलांना लिहायला शिकवलंय. मी अंगठा लावू? मग पासबुकातल्या फोटोखालची सही गिरवायला घेतली. मुलांना लावायची तशी. रोज चार पानं."

साहेबांनी काउंटरवरच्या मुलीकडे बघितलं. तिने खातं उघडलं होतं. तिने पडदा त्यांच्याकडे वळवला.

"गेल्या गुरुवारी रिकामं झालंय, साहेब."

बाईंनी पासबुक उघडलं. त्यात घडी घातलेले दोन अर्ज होते. ते त्यांनी साहेबांपुढे शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर लाल शाईत एकच शेरा होता, 'सही जुळत नाही'. खाली साहेबांची स्वतःची सही. आठ दिवसांच्या अंतराने केलेली. सवयीने साहेबांची नजर एकीवरून दुसरीवर गेली आणि परत पहिलीवर आली.

त्या दोन सह्या जुळत नव्हत्या.