जप्तीचं कपाट

मोठ्या बाई, एवढ्याशा पोरीला भरल्या वर्गात चोर म्हणताना तुमची जीभ जराही अडखळली नाही.

पोरीने तुमच्या जप्तीच्या कपाटातली शिट्टी दप्तरात घालून घरी नेली, हे खरंच. शिवायला घेतलेलं झबलं मशीनवर तसंच टाकून आई तिला कानाला धरून शाळेत घेऊन आली. "दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली की ती चोरीच, कळलं? जिथून उचललीस तिथे ठेव, आणि बाईंची माफी माग."

मुसमुसत पोरीने कपाट उघडलं. मुलांकडून काढून घेतलेल्या खेळण्यांचा आत नुसता खच. आईची नजर खालच्या कप्प्यात अडकली आणि तिने पोरीचा कान सोडला.

"बाई, हा निळा भोवरा माझा. तिसरीत माझ्याकडून घेतलात, 'संध्याकाळी घेऊन जा' म्हणालात. कुठल्या संध्याकाळी, बाई?"